मतपेटी कशी वाचावी

स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची मतपेटी दिसायला अगदी साधी आहे. पोलादी पत्रा, ऑलिव्ह हिरवा रंग, वर मतपत्रिका टाकण्यापुरती फट. वस्तुसंग्रहालयात काचेआड ठेवली तर माणसं क्षणभर थांबतील, खालची पाटी वाचतील आणि पुढच्या दालनात जातील. हीच पेटी जिथे घडली त्या कारखान्याच्या अभिलेखागारात जाऊन पाहिली, तिच्याबद्दलचे आकडे, त्या वेळच्या बातम्या आणि जुन्या कामगारांच्या आठवणी शेजारी मांडल्या, की मात्र तिथून लवकर उठवत नाही. कंपनीच्या दफ्तरात बसून इतिहास वाचण्याची गोडी कुणाला लावायची असेल, तर मी त्याला आधी विक्रोळीची ही पेटी दाखवीन.

ही पेटी घडवणाऱ्या गोदरेज कंपनीची सुरुवात १८९७ मध्ये मुंबईत लालबागच्या एका शेडमध्ये झाली. वकिली सोडून धंद्यात आलेल्या अर्देशिर गोदरेज यांनी कुलपं करायला घेतली. कुलपांमागून तिजोऱ्या आल्या, १९२३ मध्ये पोलादी कपाट आलं. अर्देशिर यांचे धाकटे बंधू पिरोजशा यांनी १९४३ मध्ये विक्रोळीची जमीन लिलावात घेतली आणि पुढे कारखान्याचं बस्तान लालबागहून तिकडे हललं. त्याच विक्रोळीत २००६ मध्ये कंपनीने स्वतःचं अभिलेखागार उभं केलं. शंभरी ओलांडलेल्या एका उद्योगाने आपले कागद, छायाचित्रं, जाहिराती, वस्तू आणि माणसांच्या आठवणी एका छताखाली आणायच्या आणि अभ्यासकाला त्या वाचू द्यायच्या, असा हा उपक्रम आहे.

मराठी माणसाला दफ्तराचं प्रेम नव्याने शिकवावं लागत नाही. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून कागद गोळा केले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं. इतिहासकार सरदेसायांनी पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड काढले. कागदांचा रुमाल सोडायचा, मोडी लावायची, तारीख जुळवायची ही आपली जुनी परंपरा आहे. पण या परंपरेचा ओढा राज्यकर्त्यांच्या कागदांकडे राहिला. लढाया, तह, वतनं, सनदा, नेमणुका हे आपण बारकाईने वाचलं. ज्या कारखान्यांनी आपल्या आजोबांना पगार दिला, आपल्या घरात कपाट, साबण आणि कुलूप आणून ठेवलं, त्यांच्या कागदांकडे मात्र त्या डोळ्यांनी फारसं पाहिलं गेलं नाही. कंपनीचा कागद रुक्ष असणार, त्यात नुसते नफ्यातोट्याचे आकडे असणार, असं आपण धरून चालतो. मतपेटी हा समज दूर करते.

पेटीचा पहिला धडा संख्येचा आहे. गोदरेजने या निवडणुकीसाठी १२.८३ लाख मतपेट्या केल्या आणि हे काम साधारण चार महिन्यांत उरकलं. हा आकडा नुसता वाचून सोडू नये, त्याला भागावं. चार महिने म्हणजे १२० दिवस धरले आणि एकही सुट्टी धरली नाही, तरी रोजच्या दहा हजारांहून जास्त पेट्या होतात. पत्रा कापायचा, प्रेसखाली वाकवायचा, कडा जोडायच्या, आतली कळ बसवायची, रंग द्यायचा, सुकवायचा, तपासायचा, मोजायचा आणि रवाना करायचा, आणि हे सगळं रोज दहा हजार वेळा. एवढा भागाकार केल्यावर त्या आकड्यातून यंत्रांचा आवाज येऊ लागतो. विक्रोळीचा कारखाना तेव्हा नवा होता आणि विक्रोळी म्हणजे मुंबईच्या वेशीबाहेरची वस्ती होती. डिसेंबर १९५१ मध्ये ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने या कामाची बातमी छापली. तिथे चाललेलं काम साऱ्या देशासाठी आहे, हे त्या वेळच्या पत्रकारालाही जाणवलं होतं.

आता पुढचा प्रश्न. इतक्या पेट्या लागल्याच कशाला? आज एका मतदान केंद्रावर एक यंत्र पुरतं, आणि मधल्या काळात कागदी मतपत्रिका होत्या तेव्हाही सगळ्या उमेदवारांची मतं एकाच पेटीत पडत. १९५१-५२ ची रीत वेगळी होती. आडोशामागे प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी मांडलेली असे आणि तिच्यावर त्याचं निवडणूक चिन्ह लावलेलं असे. मतदाराच्या हाती येणाऱ्या मतपत्रिकेवर उमेदवारांची नावं नसत आणि तिच्यावर त्याला कसली खूणही करायची नसे. आपल्या पसंतीच्या चिन्हाची पेटी शोधायची आणि मतपत्रिका तिच्यात सोडायची, एवढंच काम. मतदान केंद्रांच्या संख्येला उमेदवारांच्या संख्येने गुणलं की पेट्यांचा हिशेब लागतो. सगळ्या देशाला वीस लाखांहून अधिक पेट्या लागल्या आणि त्यांत आठ हजार टनांहून जास्त पोलाद गेलं. इतर कारखान्यांनीही त्या केल्या, पण निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या विक्रोळीचा होता.

ही रीत का स्वीकारली याचं उत्तर १९५१ च्या जनगणनेत आहे. त्या वर्षी देशातली साक्षरता जेमतेम १८ टक्के होती आणि मतदार १७ कोटींहून अधिक होते. बहुतेकांना नाव वाचता येत नव्हतं. लोक आधी शिकतील, मग मतदान करतील, असं म्हणत थांबायचं नाही, हे राज्यघटनेने ठरवून टाकलं होतं. तो निर्णय प्रत्यक्षात उतरवण्याची जबाबदारी पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यावर आली. त्यासाठी लागलेलं साहित्य म्हणजे चिन्हं आणि पेट्या. निरक्षर माणसाच्या मताची किंमत साक्षर माणसाच्या मताइतकीच आहे, हे घटनेतलं तत्त्व पत्र्यात आणि टनांत मोजायचं झालं तर ते या पेट्यांत मोजता येतं. घटना समितीतल्या चर्चा वाचून मला या निर्णयाची वैचारिक थोरवी कळली होती. तो निभावायला किती हात लागले हे मात्र १२.८३ लाख हा आकडा वाचल्यावर कळलं. कंपनीच्या दफ्तराचं मोल मला इथे दिसतं. मोठ्या निर्णयाला किती पत्रा, किती दिवस आणि किती पैसे लागले, ते हे दफ्तर सांगतं.

पैशांवरून किमतीकडे वळू. पेटीमागे पाच रुपये अशी किंमत होती, आणि पेटीच्या रचनेतली सगळ्यात सुंदर गोष्ट या पाच रुपयांतून निघाली. पेटीला बाहेरून कुलूप लावायचं म्हटलं तर कुलपाचा खर्च आला, आणि पाच रुपयांच्या हिशेबात तो बसेना. तेव्हा बंद करण्याची सोय पेटीच्या आतच करायची असं ठरलं. झाकण मिटलं की आतली कळ बसते, वर कागदी मोहर लागते आणि ती मोहर फाडल्याशिवाय कुणालाही पेटी उघडता येत नाही. ज्या कारखान्याने कुलपांवर नाव कमावलं, त्याने देशाला बाहेरून कुलूप नसलेली पेटी दिली. कुलपाची विद्या तिच्यात पुरती मुरलेली आहे, फक्त ती वरून दिसत नाही. एखाद्या बंदिशीत गवयाने रागाचा नेमका स्वर योग्य जागी लपवून ठेवावा आणि जाणकाराने तिथे मान डोलवावी, तशी ही जागा आहे.

या कळीचं महत्त्व मतदानाच्या रीतीशी जोडून पाहिलं की आणखी वाढतं. मतपत्रिकेवर मतदाराने खूण केलेली नाही. म्हणजे हे मत कुणाचं, याचा पुरावा एकच: ती मतपत्रिका कुठल्या पेटीत सापडली. एका पेटीतल्या मतपत्रिका काढून दुसरीत टाकल्या तर कागदाकडे पाहून ते कळण्याचा मार्ग नाही. पुढे १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत मतपत्रिकेवर खूण करण्याची रीत आली. तेव्हापासून मत कागदावर उमटू लागलं आणि पेटी ते फक्त सांभाळू लागली. १९५१-५२ मध्ये मात्र पेटी हाच मताचा अर्थ होता. आतली कळ सैल असती तर निकाल सैल झाला असता. पाच रुपयांत बसवलेल्या त्या लहानशा यंत्ररचनेवर किती मोठा विश्वास टांगलेला होता, हे नीट ध्यानात घेतलं की कारखान्यातल्या फिटरचं काम आणि प्रजासत्ताकाची इभ्रत यांच्यातलं अंतर उरत नाही.

ही कळ सुचली कुणाला? इथे कागद संपतात आणि माणसाचा आवाज सुरू होतो. अभिलेखागाराने जुन्या कर्मचाऱ्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून ठेवल्या आहेत. आतल्या कळीची कल्पना शॉप फ्लोअरवर काम करणाऱ्या नथालाल पांचाळ यांची होती, ही आठवण अशाच एका मुलाखतीतून पुढे आली. पिरोजशांनी ती उचलून धरली आणि तिच्याप्रमाणे पेटी झाली. करारात, बिलात किंवा ताळेबंदात असं नाव येण्याचं कारण नसतं. तिथे कंपनीचं नाव असतं, नगांची संख्या असते, दर असतो. कारागिराचं नाव कुणाच्या तरी आठवणीत असतं आणि ती आठवण कुणी वेळेवर टिपली तरच टिकते. पेटीनंतर अर्धशतकाने कुणीतरी म्हाताऱ्या माणसासमोर ध्वनिमुद्रक ठेवला आणि विचारलं, म्हणून आज हे नाव छापता येतं. अभिलेखागार म्हणजे जुन्या कागदांचं कपाट एवढीच समजूत असेल, तर ती या एका नावाने मोडावी. चांगला अभिलेखपाल कागद जपतो आणि जे कागदावर आलंच नाही ते विचारायलाही जातो.

अर्थात आठवणीला आठवण म्हणूनच वाचावं लागतं. पन्नास वर्षांनी सांगितलेल्या गोष्टीत क्रम बदलतो, प्रसंग गडद होतात. म्हणून मुलाखतीतली गोष्ट वस्तूशी ताडून पाहायची. पेटीला बाहेरून कुलूप नाही आणि आत कळ आहे, हे पेटी स्वतः सांगते. कुलपाचा खर्च परवडत नव्हता, ही गोष्ट किमतीशी जुळते. वस्तू, आकडा आणि आठवण एकाच दिशेला बोट दाखवतात तेव्हा अभ्यासकाला जो आनंद होतो, तो कवितेतली प्रतिमा उलगडताना रसिकाला होणाऱ्या आनंदापेक्षा तसूभरही कमी नाही.

कंपनीचं दफ्तर वाचताना एक भान सतत ठेवावं लागतं. हे घरच्यांनी जपलेले कागद आहेत. कोणतीही संस्था आपला विजय मन लावून जपते, आपले तंटे तितक्या प्रेमाने जपत नाही. शिवाय संस्थापकाभोवती कथा गोळा होतात. गोदरेजच्या साबणाची एक कथा प्रसिद्ध आहे. अर्देशिर यांनी आधी ‘नंबर दोन’ साबण बाजारात आणला आणि मग ‘नंबर एक’ आणला. नंबर दोनच इतका चांगला, तर नंबर एक किती चांगला असेल, असं गिऱ्हाइकाच्या मनात यावं, हा त्यामागचा हेतू सांगितला जातो. कथा गोड आहे आणि ती खोटी ठरवण्याची घाई करायचं कारण नाही. पण अभ्यासकाने तिचे दोन भाग करावेत. कोणता साबण आधी आला आणि कोणता नंतर, हे जाहिरातींच्या तारखा लावून, त्या काळची वर्तमानपत्रं चाळून ठरवता येतं. अर्देशिर यांच्या मनात काय होतं, हे त्यांनी स्वतः कुठे लिहिलेलं सापडलं तरच ठरतं. क्रम कागदाने सिद्ध होतो, हेतू बहुतेक वेळा ऐकीव राहतो. हा भेद सांभाळला की कथेची गोडीही जात नाही आणि इतिहासही बिघडत नाही.

मतपेटीच्या बाबतीतही कारखान्याचं दफ्तर एका टप्प्यावर थांबतं. पेटी कशी झाली, किती झाल्या, कितीला पडल्या, कशा रवाना झाल्या हे ते सांगतं. पेटीत पुढे काय पडलं हे त्याला माहीत नसतं. त्यासाठी निवडणूक आयोगाचा अहवाल हाती घ्यावा लागतो. काही ठिकाणी लोकांनी पेटीची पूजा केली. मतमोजणीला पेट्या उघडल्या तेव्हा काहींत मतपत्रिकांबरोबर चिठ्ठ्या आणि अर्जही निघाले. पेटीत टाकलेला कागद सरकारपर्यंत पोचतो, एवढं त्या माणसांना नेमकं कळलं होतं, आणि त्यांनी मताबरोबर आपलं गाऱ्हाणंही पोचतं केलं. विक्रोळीत पत्र्याला फट पाडणाऱ्या कामगाराच्या ध्यानीमनीही नसेल असा हा वापर आहे.

याहून गंभीर गोष्ट मुंबईतच घडली. जानेवारी १९५२ मध्ये मुंबई शहर उत्तर या मतदारसंघातून डॉ. बाबासाहेब आंबेडकर लोकसभेसाठी उभे होते. हा दोन जागांचा मतदारसंघ होता आणि त्यातली एक जागा राखीव होती. प्रत्येक मतदाराला दोन मतं होती आणि ती दोन वेगवेगळ्या उमेदवारांना द्यायची होती. दोन्ही मतपत्रिका एकाच पेटीत टाकल्या तर त्यांतलं एक मत बाद होई. बाबासाहेब पराभूत झाले, त्यांचे सहउमेदवार अशोक मेहताही पडले. या मतदारसंघात ७० हजारांहून जास्त मतपत्रिका बाद झाल्या होत्या आणि दोघांनी या निवडणुकीविरुद्ध अर्ज केला. मतं मुद्दाम वाया घालवायला लावली गेली, अशी त्यांची तक्रार होती. प्रत्येक उमेदवाराला स्वतंत्र पेटी या रीतीने निरक्षर मतदाराला मोकळं केलं, आणि त्याच रीतीने दोन जागांच्या मतदारसंघात मत वाया जाण्याची वाटही उघडली. ही दुसरी बाजू कारखान्याच्या कागदांत मिळत नाही. ती न्यायालयीन अर्जांत, वर्तमानपत्रांत आणि पक्षांच्या पत्रकांत मिळते. म्हणूनच कंपनीच्या अभिलेखागारात जाणाऱ्याने तिथून बाहेर पडण्याची वाटही आधीच ठरवून ठेवावी. एका दफ्तरावर भागवणारा अभ्यासक त्या दफ्तराचा भाट होऊन बसतो.

प्रत्यक्ष जायचं कसं, हेही सांगतो. आधी पत्र लिहावं, आपला विषय आणि काळ नेमका कळवावा. ‘मला कंपनीचा इतिहास हवा आहे’ असं म्हणणाऱ्याला अभिलेखपाल फार तर एक छापील पुस्तिका देऊ शकतो. ‘१९५१ ते ५२ या काळातल्या पत्रेकामाबद्दल, वाहतुकीबद्दल किंवा कामगारभरतीबद्दल काय आहे?’ असं विचारलं की त्याचे डोळे चमकतात. टेबलावर पेन चालत नाही, पेन्सिल न्यावी. फाइलीतल्या कागदांचा क्रम मोडू नये, कारण तो क्रम हाही पुरावा असतो. आधी काय आलं, कुणाच्या टेबलावरून पुढे काय गेलं, हे त्यावरून कळतं. समासातल्या खुणा आणि आद्याक्षरं वाचायला शिकावं. आपण मागितलेल्या फाइलीच्या शेजारची फाइल कशाची आहे, हेही विचारावं. सरकारी फाइलीत प्रत्येक टिप्पणी पुढच्या प्रश्नापासून स्वतःला वाचवत लिहिलेली असते. कारखान्याच्या कागदाला माल कधी आणि कितीला पोचवायचा याची घाई असते. त्या घाईत तो अशा कितीतरी गोष्टी बोलून जातो, ज्या इतिहासासाठी म्हणून कुणी लिहिल्या नसत्या.

विक्रोळीतच टाइपरायटरचा इतिहासही वाचता येतो. १९५५ मध्ये गोदरेजने भारतीय बनावटीचा पहिला टाइपरायटर आणला. पुढे त्याच्या देवनागरी कळफलकावर महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांतून टायपिंगचे क्लास चालले, आणि परीक्षा देऊन कित्येक मुलामुलींनी कचेरीतली पहिली नोकरी मिळवली. यंत्र कसं घडलं हे कंपनीच्या दफ्तरात आहे. त्या यंत्राने घरातली पहिली पगारदार मुलगी कशी घडवली, हे आपल्याकडच्या प्रमाणपत्रांत आणि आठवणींत आहे. दोन्ही एकत्र आणण्याचं काम अजून कुणीतरी हाती घ्यायचं आहे.

असं वाचन करायला महाराष्ट्राइतकी सोयीची जागा देशात क्वचितच असेल. पुण्यात रिझर्व्ह बँकेचं अभिलेखागार १९८१ पासून आहे. टाटा समूहाचं मध्यवर्ती अभिलेखागार १९९१ मध्ये स्थापन झालं आणि तेही आज पुण्यातच आहे. जमशेटजींनी नोव्हेंबर १८९८ मध्ये स्वामी विवेकानंदांना पाठवलेल्या पत्रासारखे कागद टाटांच्या इतिहासाचा भाग आहेत. आणि मराठी वाचकाला तर कारखान्याचं लिखाण घरबसल्या वाचण्याची सवयच होती. १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली, ती कारखान्याची माहिती देणारी पत्रिका म्हणून. त्याच मुळातून ‘किर्लोस्कर’ मासिक वाढलं, मागोमाग ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ आले, आणि नांगर करणाऱ्या एका कारखान्याने मराठी मध्यमवर्गाच्या वाचनाला वळण लावलं. ते जुने अंक आता ग्रंथालयांत साहित्य म्हणून वाचले जातात. ते उद्योगाचे कागद म्हणूनही वाचायला हवेत. त्यांतल्या जाहिराती, कामगारांच्या बातम्या आणि यंत्रांची वर्णनं अजून पुरती वाचली गेलेली नाहीत.

आता काळजीची बाब. कायद्याने या कागदांना फारसं संरक्षण नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं जपली की पुरे. सभांची इतिवृत्तं कायम ठेवावी लागतात, पण पत्रव्यवहार, आराखडे, छायाचित्रं, कामगारांच्या नोंदी, जाहिराती ठेवण्याचं बंधन नाही. १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा केंद्र सरकारच्या कार्यालयांना आणि उपक्रमांना लागू होतो, खासगी कंपन्यांना होत नाही. म्हणजे एखाद्या उद्योगाचं दफ्तर आज अभ्यासकाला वाचायला मिळतं ते त्या उद्योगाच्या इच्छेमुळे. जागा अपुरी पडली, मालकी बदलली, कार्यालय हललं, की पहिली गदा जुन्या कागदांवर येते.

मुंबईच्या गिरण्यांकडे पाहा. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले. त्यानंतर गिरणगावचं रूपच पालटलं. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणी कामगारांच्या मुलाखती घेऊन २००४ मध्ये गिरणगावचा मौखिक इतिहास पुस्तकरूपाने आणला, म्हणून ते आवाज आपल्याकडे राहिले. गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले. त्या गिरण्यांचे हजेरीपट, मजुरीचे तक्ते, कापडाचे नमुने आणि व्यवस्थापनाची पत्रं विक्रोळीसारखी नीट लावून एका जागी वाचायला मिळाली असती, तर शंभर वर्षांच्या मुंबईचा इतिहास आज कितीतरी भरघोस झाला असता.

हीच वेळ उद्या सहकारावर येऊ शकते. प्रवरानगरच्या साखर कारखान्याने १९५०-५१ मध्ये पहिला गळीत हंगाम घेतला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी घातलेल्या त्या पायावर पुढे महाराष्ट्राचं राजकारण, शेती आणि शिक्षण उभं राहिलं. या कारखान्यांच्या वार्षिक सभांची इतिवृत्तं, भागधारकांच्या याद्या, ऊसतोडणी टोळ्यांचे करार, काटापावत्या, कर्मचाऱ्यांची पत्रकं यांतून गेल्या पाऊणशे वर्षांचा ग्रामीण महाराष्ट्र वाचता येईल, आणि तो कुठल्याही राजकीय चरित्रापेक्षा जास्त नेमका असेल. दूध संघ, सूतगिरण्या, छापखाने, औषधांचे आणि इंजिनांचे कारखाने यांचंही तसंच आहे.

विक्रोळीच्या मतपेटीने हे सिद्ध करून दाखवलं आहे की कारखान्याचं दफ्तर नीट ठेवलं तर त्यात देशाचा इतिहास सापडतो, आणि त्या इतिहासात नथालाल पांचाळांसारख्या कारागिराला नावानिशी जागा मिळते. म्हणून उद्योगांच्या आणि सहकारी संस्थांच्या चालकांना कळकळीची विनंती आहे. आठ वर्षांची मुदत संपली म्हणून कागद रद्दीत घालू नका. त्यातला निवडक भाग बाजूला काढा, एका प्रशिक्षित माणसाच्या हाती द्या आणि अभ्यासकांना दार उघडा. विद्यापीठांच्या इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांना एखाद्या तरी कंपनीच्या दफ्तरात बसवावं. आणि वाचकहो, तुमच्या घरी कारखान्यातून निवृत्त झालेलं कुणी असेल, तर त्यांचं ओळखपत्र, नेमणुकीचं पत्र, जुनी कामगार पत्रिका, खात्यातल्या सहकाऱ्यांबरोबरचं छायाचित्र जपून ठेवा. त्यांच्याशी बोला, ते ध्वनिमुद्रित करा, तारीख आणि नावं लिहून ठेवा. कंपनीचं अभिलेखागार असेल तर तिथे कळवा, नसेल तर जवळच्या ग्रंथालयाला विचारा. हे काम याच वर्षी सुरू करा.